दगडात लिहिलेली कंपनी : व्हिक्टोरिया टर्मिनसच्या शिल्पांचे वाचन

१. अभ्यासाची दिशा

विद्यार्थी मित्रहो, ‘संहिता’ हा शब्द आपण आतापर्यंत लिखित साहित्यापुरताच वापरला. कविता, कथा, बखर, पोवाडा या संहिता आहेत आणि त्यांचे वाचन करताना बोलणारा कोण, ऐकणारा कोण, काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे, हे प्रश्न विचारावेत, असे आपण पाहिले. हेच प्रश्न इमारतीला विचारता येतील का, हे या घटकात पाहावयाचे आहे. त्यासाठी निवडलेली इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे. काहीजण तर रोज तिच्यासमोरून जात असतील. मुंबईच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची ही मुख्य कचेरी. १८७८ मध्ये तिचे बांधकाम सुरू झाले आणि १८८८ मध्ये ते पूर्ण झाले. दरम्यान १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला आणि इमारतीला ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव मिळाले. १९९६ मध्ये तिचे ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ असे नामकरण झाले, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द जोडला गेला. २००४ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. येथे एकोणिसाव्या शतकातील शिल्पांचा विचार असल्याने त्या काळचे नाव वापरले आहे.

‘मुख्य कचेरी’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. आपण या वास्तूला स्थानक म्हणून ओळखतो, कारण आपला संबंध फलाटांशी येतो. परंतु रस्त्यावरून जो घुमट दिसतो, ज्या कमानी आणि सज्जे दिसतात, बागेभोवती तीन बाजूंनी वळलेला जो भव्य भाग दिसतो, तो मुळात कंपनीच्या कार्यालयांसाठी बांधलेला आहे. तिकिटांचे दालन उत्तरेकडील बाजूस आहे आणि गाड्या त्याच्यामागे. म्हणजे शिल्पांनी नटलेली दर्शनी बाजू एका व्यापारी कंपनीच्या कचेरीची आहे. हे एकदा ध्यानात आले की तिच्यावरील प्रत्येक मूर्तीचा अर्थ थोडा बदलतो.

२. कंपनीला चेहरा का हवा होता?

जुनी पेढी डोळ्यांसमोर आणा. गादीवर शेठजी बसलेले, शेजारी दिवाणजी, समोर चोपड्या. व्यवहार करणारा माणूस आत आला की त्याला पेढीचा चेहरा दिसे. शेठजींची पत म्हणजेच पेढीची पत. भागभांडवलाच्या कंपनीला असा चेहरा नसतो. तिचे मालक शेकडो आणि बहुधा एकमेकांना अनोळखी. जी.आय.पी. रेल्वेच्या बाबतीत तर बहुतेक भागधारक इंग्लंडमध्ये होते. १८४९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीला त्यांच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी मिळाली होती. रेल्वेच्या उत्पन्नातून तेवढी रक्कम निघाली नाही तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून दिली जाई. सोप्या शब्दांत सांगायचे तर जोखीम रयतेची आणि नफ्याची खात्री भागधारकांची. दादाभाई नौरोजींनी ज्या संपत्तीच्या अपहरणाचा हिशेब मांडला, त्यात रेल्वेभांडवलावरील व्याजाचाही विचार होता. त्यांचेच नाव आज या इमारतीसमोरच्या रस्त्याला आहे.

अशी चेहरा नसलेली संस्था लोकांसमोर कोणत्या रूपात उभी राहणार? एकोणिसाव्या शतकातील लंडनने या प्रश्नाचे एक उत्तर तयार ठेवले होते : सद्गुणांना मूर्तरूप द्यावे आणि त्या मूर्ती आपल्या दारावर बसवाव्यात. १८४४ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या रॉयल एक्स्चेंजच्या त्रिकोणी शिरोभागात रिचर्ड वेस्टमाकॉट (धाकटे) यांनी मध्यभागी ‘वाणिज्य’ ही स्त्रीमूर्ती उभी केली आणि तिच्या दोन्ही अंगांना देशोदेशींचे व्यापारी दाखवले. त्यांत हिंदुस्थानी व्यापारीही आहेत. १८६५ च्या सुमारास बिशप्सगेट येथील नॅशनल प्रोव्हिन्शियल बँकेच्या भिंतीवर शेती, खाणकाम, नौकानयन, जहाजबांधणी यांची उठावशिल्पे आली. बँक प्रत्यक्षात करते काय? ठेवी घेते आणि व्याजाने पैसे देते. परंतु तिच्या भिंतीवर नांगर आणि गलबते दिसतात. पैशाने जे घडते त्याचे चित्र पुढे आणायचे आणि पैसा स्वतः पडद्यामागे राहायचा, अशी ही रीत होती. कोणत्याही जाहिरातीत आजही ती चालू आहे, हे सांगावयास नको.

ही रीत मुंबईत पोहोचली ती फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स (१८४७–१९००) यांच्यासारख्या वास्तुविशारदांबरोबर. स्टीव्हन्स सरकारी बांधकाम खात्यात होते आणि या कामासाठी त्यांची नेमणूक झाली. आराखडा करण्यापूर्वी त्यांनी युरोपमधील स्थानके पाहिली. सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन हे त्यांचे हिंदुस्थानी सहकारी. या शैलीला आज ‘मुंबई गॉथिक’ म्हणतात. टोकदार कमानी, रंगीत दगडांची रचना, निमुळते मनोरे आणि जागोजागी कोरीव काम ही तिची लक्षणे आहेत.

३. घुमटावरील प्रगती

इमारतीच्या सर्वांत उंच जागी, अष्टकोनी घुमटाच्या माथ्यावर, एक स्त्री उभी आहे. एका हातात तिने मशाल उंच धरली आहे, दुसरा हात चाकावर आहे. ही ‘प्रगती’. लंडनचे शिल्पकार थॉमस अर्प यांची ही निर्मिती. दर्शनी भिंतींच्या त्रिकोणी शिरोभागांवर ‘अभियांत्रिकी’, ‘वाणिज्य’ आणि ‘शेती’ यांचे आकृतिसमूह आहेत, तेही त्यांचेच.

अमूर्त कल्पनेला माणसाचे रूप देणे ही आपल्याला अलंकारविचारातून परिचित असलेली चेतनगुणोक्ती आहे. निर्जीव वस्तूवर किंवा भावावर मानवी कृती आरोपित केली की हा अलंकार होतो. कवी तो एका ओळीत साधतो. शिल्पकाराला मात्र अडचण येते, कारण दगडातील स्त्री ‘प्रगती’ आहे की ‘न्याय’ आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून तो तिच्या हातात खुणेची वस्तू देतो. तराजू असेल तर न्याय, नांगर किंवा धान्याची पेंढी असेल तर शेती, चाक असेल तर गती. आपल्या मूर्तिशास्त्रात ज्याला आयुधे आणि लांछने म्हणतात, त्याच तत्त्वाने हे चालते. शंख-चक्र पाहून आपण विष्णू ओळखतो आणि वीणा पाहून सरस्वती. तेव्हा मुंबईच्या प्रेक्षकाला ही भाषा सर्वस्वी परकी नव्हती. फक्त तिच्यातील शब्द नवे होते.

अशा मूर्ती बहुधा स्त्रीरूप का असतात? त्याचे एक उत्तर व्याकरणात आहे. लॅटिनमध्ये न्याय, शेती, विवेक यांसारखी अनेक भाववाचक नामे स्त्रीलिंगी आहेत आणि त्या नामांना रूप देताना युरोपीय कलेने ते लिंग पाळले. पुढे ही सवय इतकी मुरली की व्याकरणाचा आधार नसतानाही अमूर्त कल्पना स्त्रीच्याच रूपात येऊ लागली. मराठीत ‘प्रगती’ आणि ‘शेती’ स्त्रीलिंगी, ‘व्यापार’ पुल्लिंगी, ‘वाणिज्य’ नपुंसकलिंगी. या मूर्ती मराठी व्याकरणानुसार घडवल्या असत्या तर त्या शिरोभागांवर कोणती मंडळी दिसली असती, याची कल्पना करून पाहण्यासारखी आहे. मात्र एक गोष्ट यातून निश्चित दिसते. त्या काळी कंपनीच्या संचालक मंडळात किंवा कचेरीच्या टेबलांवर स्त्रिया नव्हत्या. कल्पना म्हणून स्त्रीला घुमटावर सर्वोच्च स्थान आणि खाली प्रत्यक्ष कामात स्थानच नाही, ही विसंगती त्या काळाची आहे, एकट्या या इमारतीची नव्हे.

आता प्रगती जेथे उभी आहे ती जागा पाहू. घुमटाखाली काय आहे? बहुतेकांना वाटते, प्रवाशांचे मोठे दालन असेल. तसे नाही. घुमटाखाली आहे कचेऱ्यांकडे जाणारा भव्य जिना. मशाल धरलेली प्रगती गाड्यांच्या किंवा प्रवाशांच्या डोक्यावर नसून, ज्या जिन्याने कंपनीचे अधिकारी आपापल्या खोल्यांकडे जात त्या जिन्याच्या डोक्यावर आहे. मंदिराचे शिखर गर्भगृहावर असते, सभामंडपावर नसते. शिखर पाहून आत देव कोठे आहे हे कळते. त्याच न्यायाने हा घुमट इमारतीचे गर्भगृह दाखवतो आणि ते कंपनीचे प्रशासन आहे. स्टीव्हन्स यांनी मंदिरस्थापत्याचा विचार केला होता असे येथे सुचवायचे नाही. उंची देऊन महत्त्व सांगण्याची युक्ती दोन्हीकडे एकच आहे, इतकेच.

काही वर्षांनी स्टीव्हन्स यांनीच चर्चगेटसमोर बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची मुख्य कचेरी बांधली. ती १८९९ मध्ये पूर्ण झाली. तेथे फलाट नाहीत, ती केवळ कचेरी आहे आणि आज पश्चिम रेल्वेचे मुख्यालय तेथेच आहे. तिच्या शिरोभागी रॉस्को मुलिन्स यांची ‘अभियांत्रिकी’ उभी आहे आणि तिच्या हातात चक्क छोटे इंजिन आहे. पहिल्या कंपनीने ‘प्रगती’ हा मोठा शब्द घेतला, दुसरीने आपला धंदाच हातात धरला. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या दोन मूर्तींमध्ये दुसरी मला अधिक प्रामाणिक वाटते.

४. फाटकावरील दोन पहारेकरी

रस्त्याकडील प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर दोन प्राणी बसलेले आहेत. एक सिंह, दुसरा वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. हीसुद्धा अर्प यांचीच कामे. मंदिराच्या दाराशी द्वारपाल असतात, किल्ल्याच्या दरवाजावर शरभ किंवा हत्ती कोरलेले असतात. त्यामुळे ही जोडी आपल्याला ओळखीची वाटते आणि सहसा आपण तिच्यापाशी थांबत नाही. थांबले पाहिजे, कारण या जोडीला पूर्वेतिहास आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने जे विजयपदक काढले, त्यावर ब्रिटिश सिंह वाघाला खाली दाबताना दाखवला आहे. तेथील वाघ म्हणजे टिपू सुलतान. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी मुंबईच्या फाटकावर तेच दोन प्राणी सारख्या उंचीच्या खांबांवर शांतपणे बसलेले दिसतात. झुंज संपलेली आहे. दोघेही एकाच कंपनीचे दार राखत आहेत.

याचे वाचन दोन प्रकारे करता येईल. सिंह आणि वाघ समान पातळीवर आहेत, म्हणजे हा भागीदारीचा उद्गार आहे, असे एक वाचन. ज्या जागी पराभव दाखवायचा त्या जागी मैत्री दाखवली की पराभवाची आठवणच पुसली जाते, असे दुसरे. दुसरे वाचन मला अधिक पटते. १८५७ ला तेव्हा तीसच वर्षे झाली होती. आपण मात्र दोन्ही वाचने समोर ठेवून, कोणते मूर्तीतून निघते आणि कोणते आपण इतिहास माहीत असल्याने तिच्यावर लादतो, याचा विचार करावा.

५. नाव असलेले चेहरे आणि पागोटे असलेले चेहरे

दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत माणसांचे चेहरे कोरले आहेत. त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात प्रत्यक्ष व्यक्ती आहेत : रेल्वेशी आणि मुंबईच्या कारभाराशी संबंधित इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या जोडीला सर जमशेटजी जिजीभाई व जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट हे दोन हिंदुस्थानी. मुंबईत रेल्वे यावी म्हणून या दोघांनी प्रारंभापासून खटपट केली होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, तेव्हा दोघेही हयात होते. इमारत उभी राहिली तेव्हा जमशेटजींना जाऊन जवळजवळ तीस आणि नानांना वीसहून अधिक वर्षे झाली होती. परक्या कंपनीच्या भिंतीवर मराठी माणसाचा चेहरा ओळखू येईल असा कोरला जावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या वर्गात निरनिराळ्या जातीजमातींची मस्तके आहेत. ती ओळखायची ती पागोटे, पगडी, फेटा किंवा टोपी यांवरून. तेथे व्यक्ती नाही, नमुना आहे. हा नमुन्यांचा छंद त्या काळच्या मुंबईत इतरत्रही दिसतो. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर (१८७८) पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातींच्या चोवीस मूर्ती आहेत आणि त्या रावबहादुर मुकुंद रामचंद्र या आपल्याच माणसाने घडवल्या. म्हणजे नमुने करणारा नेहमी परकाच असे, असे म्हणता येत नाही. जनगणना, जातींची वर्णने, छायाचित्रांचे संग्रह यांतून राज्यकर्ते ज्या पद्धतीने लोकांची वर्गवारी करत होते, तीच वर्गवारी भिंतीवर आली आणि आपल्या लोकांनीही ती उचलली. कादंबरीच्या अभ्यासात आपण ‘व्यक्तिचित्र’ आणि ‘नमुनाचित्र’ असा भेद करतो. तोच भेद या दोन वर्गांत आहे.

आणि तिसरा वर्ग? तो भिंतीवर नाही. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात झाले. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या चढावर पंचवीस बोगदे खोदावे लागले. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक माणसे तेथे राबत होती. पुरुष सुरुंगासाठी भोके पाडत, बायका आणि मुले पाट्यांतून दगडमाती वाहत. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांनी हजारो मजूर गेले. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून तेथे दंगाही झाला. त्याच वर्षी घाटाचे काम नव्याने हाती घेतलेला ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत तापाने मेला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवून काम पूर्ण करवून घेतले. पाहा, घुमटावरच्या मूर्तीपेक्षा वेगळी, हाडामांसाची एक स्त्री या रेल्वेच्या कथेत आहे, पण तिचे शिल्प नाही. मुख्य अभियंता जेम्स बर्कली प्रकृती ढासळल्याने मायदेशी परतला आणि घाट खुला होण्याआधीच १८६२ मध्ये वारला. त्याला कंपनीने स्मरणात ठेवले. मजुरांची नावे मात्र हजेरीपटापलीकडे कोठे गेली नाहीत.

येथे एक आक्षेप येईल. कोणत्याही काळच्या कोणत्या वास्तूवर मजुरांचे चेहरे असतात? वेरूळचे कैलास लेणे खोदणाऱ्यांची तरी नावे कोठे आहेत? आक्षेप रास्त आहे. पण याच मुंबईत, व्हिक्टोरिया टर्मिनसपासून चालत काही मिनिटांवर, त्याच काळातले एक वेगळे उदाहरण आहे. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर लॉकवुड किपलिंग यांनी केलेली उठावशिल्पे आहेत आणि त्यांत शेतकरी आणि मंडईशी संबंधित कष्टकरी माणसे त्यांच्या रोजच्या पेहरावात दिसतात. म्हणजे राबणारा माणूस दगडात आणणे त्या काळच्या शिल्पकाराला अशक्य नव्हते, त्याची त्याला रीतही माहीत होती. मंडईने ती माणसे दाराशी उभी केली, कंपनीने केली नाहीत. म्हणून येथील अनुपस्थितीलाही अर्थ आहे. संहितेत जे गाळले आहे तेही वाचावे, असे आपण म्हणतो ते याच कारणाने.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
(अ) व्हिक्टोरिया टर्मिनसच्या घुमटाखालील जागेचे प्रयोजन सांगून ‘प्रगती’ या मूर्तीच्या स्थानाचा अर्थ चार-पाच वाक्यांत लिहा.
(आ) ‘व्यक्तिचित्र’ आणि ‘नमुनाचित्र’ यांतील भेद इमारतीवरील गोल चौकटींतील चेहऱ्यांच्या आधारे स्पष्ट करा.

६. कोरणारे हात

आतापर्यंत आपण कंपनी काय म्हणते ते वाचले. पण कंपनीने स्वतः दगड फोडला नाही. प्रतीकमूर्ती लंडनच्या अर्प यांच्याकडे गेल्या आणि उरलेले अफाट कोरीव काम सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेकडे आले. पाने, फुले, वेली, पक्षी, प्राणी, खांबांचे माथे, खिडक्यांवरील कमानींचे भराव यांच्या नमुन्यांचे काम जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी केले. जमशेटजींच्या देणगीतून १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली होती. ज्यांचा चेहरा भिंतीवर आहे त्यांच्याच दानातून भिंत कोरणारे हात तयार झाले, असा हा योग आहे.

या कामाची पद्धत थोडक्यात अशी. वास्तुविशारदाच्या रेखाटनावरून मातीचा नमुना करायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि तो समोर ठेवून पाथरवटाने दगडात उतरवायचा. अनेकदा दगड भिंतीत ओबडधोबडच बसवून नंतर पराती बांधून जागेवर कोरला जाई. नमुना आणि अंतिम रूप यांच्यामध्ये छिन्नी धरणाऱ्याचा हात येतोच. हस्तलिखिताची नक्कल करणारा लेखक एखादा शब्द आपल्या बोलीतला घालतो, तसेच हे आहे.

इंग्लंडमध्ये या प्रश्नावर मोठा वाद झाला होता. समीक्षक जॉन रस्किन यांनी १८५३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथात असा विचार मांडला की गॉथिक वास्तूचे खरे सौंदर्य कारागिराच्या स्वातंत्र्यात आहे. काम किंचित ओबडधोबड झाले तरी चालेल, पण करणाऱ्याचे मन त्यात दिसावे. यंत्रासारखी निर्दोष नक्कल म्हणजे कारागिराची गुलामी. याच रस्किन यांनी त्याआधी, १८४९ मध्ये, रेल्वे स्थानके सजवण्याला सक्त विरोध केला होता. जेथे माणूस घाईत असतो आणि लवकर निघून जाण्याचीच इच्छा करतो, तेथे अलंकार वाया जातो, असे त्यांचे म्हणणे होते. गॉथिक पुनरुज्जीवनाने रस्किन यांचा पहिला विचार उचलला आणि दुसरा सोयीस्करपणे बाजूला ठेवला. सकाळी साडेनऊची गर्दी पाहिली की रस्किन अगदीच चुकले होते असे म्हणवत नाही. त्या गर्दीत मान वर करणारा विरळा.

पण जो मान वर करील त्याला काय दिसते? खिडकीच्या कमानीत पिसारा फुलवलेला मोर. पानांच्या गुंत्यातून डोकावणारी माकडे. पाण्याच्या पन्हाळीच्या तोंडाशी वाकलेले श्वापद. युरोपातील गॉथिक चर्चवर अशा पन्हाळमुखांतून राक्षसी आकृती डोकावतात आणि पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकतात. आपल्याकडे जुन्या देवळांतून अभिषेकाचे पाणी मकरमुखातून किंवा गोमुखातून बाहेर पडते. काम एकच, घराणी दोन. मुंबईच्या विद्यार्थ्याने आणि पाथरवटाने त्या दोन घराण्यांची सोयरीक सहज जुळवली. झाडापानांतही इंग्लंडच्या ओक आणि द्राक्षवेलीऐवजी येथील वनस्पती आल्या. मुंबईच्या पावसात वाढलेले पान आणि मुंबईच्या झाडावर बसणारा पक्षी यांना नमुनापुस्तकाची गरज नव्हती.

याला आणखी एक कारण संभवते. ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करत होते. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या बांधकामाचा काळ आणि हा काळ एकमेकांत मिसळलेले आहेत. अजिंठ्याच्या छतांवर हंस, हत्ती, फळे, कमळे यांचे जे खेळकर नक्षीकाम आहे, त्याची ओळ न् ओळ ज्या मंडळींच्या हातांखालून गेली, त्याच शाळेकडे या इमारतीचे काम होते. अमुक मोर अजिंठ्यावरून आला असे सिद्ध करणे कठीण आहे आणि तसा दावा येथे नाही. परंतु डोळ्याला एकदा लागलेले वळण सहजी सुटत नाही, हे कोणताही लेखक किंवा चित्रकार मान्य करील.

अशा रीतीने या भिंतीवर दोन आवाज ऐकू येतात. घुमट, शिरोभाग आणि फाटक येथून कंपनी मोठ्याने बोलते : प्रगती, वाणिज्य, साम्राज्य. कमानींच्या पोटातून आणि खांबांच्या माथ्यांवरून कोरणारे हळू आवाजात बोलतात. त्यांची नावे आपल्याला कळत नाहीत. दप्तरात त्यांची नोंद ‘शाळेचे विद्यार्थी’ अशी एकत्रच येते. पण हात ओळखू येतो. ओवी कोणी रचली हे ठाऊक नसतानाही जात्यावरची ओवी आपण ओळखतो, तसा.

७. रिकामा कोनाडा

दर्शनी भागाच्या मध्यावर, घड्याळाखाली, छत्री असलेला एक कोनाडा आहे. तेथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो हलवण्यात आला आणि कोनाडा रिकामा राहिला. प्रगती, सिंह, वाघ, संचालक मात्र आपापल्या जागी राहिले. असे का झाले असावे? राणी ही व्यक्ती होती, सत्तेचे नाव तिला चिकटलेले होते. प्रगती ही कल्पना होती. स्वतंत्र देशालाही प्रगती हवीच होती, त्यामुळे ती मूर्ती कोणालाही परकी वाटली नाही. नेमके येथेच प्रतीकमूर्तीचे बळ आहे. ती मालक बदलला तरी टिकते, नवा मालक तिला नवा अर्थ देतो. १९०० मध्ये ही रेल्वे सरकारने विकत घेतली, १९२५ मध्ये तिचा कारभार थेट सरकारकडे आला आणि आज मध्य रेल्वेचे मुख्यालय तेथे आहे. आता भागधारक कोणी उरला नाही, परंतु मशाल तीच आहे. राणीच्या जागी दुसरा पुतळा बसवला गेला नाही. तो कोनाडा नीट पाहिला म्हणजे तेथे काहीतरी होते हे कळते, काय होते ते मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही.

उपक्रम आणि दीर्घोत्तरी प्रश्न
१. आपल्या गावातील किंवा शहरातील जुन्या बँकेची, सूतगिरणीची, सहकारी संस्थेची, बाजार समितीची किंवा साखर कारखान्याच्या कचेरीची दर्शनी बाजू लक्षपूर्वक पाहा. तिच्यावरील चिन्हे, मूर्ती, नावे आणि कोनशिला यांची नोंद करा. या संस्थेने स्वतःविषयी काय सांगितले आहे आणि कोणाला वगळले आहे, यावर ३०० शब्दांत लिहा.
२. क्रॉफर्ड मार्केट आणि व्हिक्टोरिया टर्मिनस या दोन वास्तूंवरील मानवी आकृतींची तुलना करा.
३. फाटकावरील सिंह आणि वाघ यांचे आपल्याला पटणारे वाचन कोणते? घटकात दिलेल्या दोन वाचनांपेक्षा वेगळे वाचन सुचत असल्यास ते कारणांसह मांडा.
४. ‘दगडातील कोरीव काम हे अनामिक लोकसाहित्यासारखे वाचता येते.’ या विधानाची चर्चा करा. त्याच्या मर्यादाही लिहा.